एक जूनची माणसं

मुक्ताचा फोन आला तेव्हा शलाका बिराजदार पुण्यातल्या ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून तिसरा चहा पीत होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. मुक्ता एरवी आधी शेजारपाजार, मग पोरांच्या परीक्षा आणि मग मुद्दा अशा सवडीने बोलणारी बाई. आज तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"ताई, ह्यांना लातूरला आणलंय. गिरणीतच कोसळले. काल धरनं चक्कर येऊलाली म्हणत होते. मी म्हणलं, ती पट्टी काढून ठिवा जरा. तर म्हणले, शलाकाताईनं दिलेली हाय, तिला हात लावायचा नाही."

शलाकाच्या हातातला कप खिडकीच्या कट्ट्यावर कधी ठेवला गेला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"अप्पा कुठंयत?"

"इथंच हायत. बाकड्यावर बसलेत. काही बोलंना झालेत."

अप्पा म्हणजे शलाकाचे वडील. तांबरवाडीच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केलेले बिराजदार गुरुजी. आणि मुक्ताचा नवरा केरबा म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी, गावातल्या पिठाच्या गिरणीचा मालक. शलाका शिकून पुण्याला गेली, आई वारली, आणि अप्पांनी गाव सोडायला साफ नकार दिला. तेव्हापासून त्यांचं दळण, त्यांची औषधं, त्यांच्या घराची गळती आणि त्यांचा हट्ट हे सगळं केरबाच सांभाळत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शलाका मनातल्या मनात त्याला भाऊ मानायची, आणि दर महिन्याला दोनदा फोन केला की बहिणीचं कर्तव्य झालं असंही मानायची.

गेल्या गणपतीत केरबाला हृदयाचा सौम्य झटका येऊन गेला. तेव्हा शलाकाने स्वतः खटपट करून त्याचं नाव पट्टीसाठीच्या रुग्णांच्या यादीत घातलं, आणि ती पट्टी त्याच्या छातीवर बसली. "डोळे झाकून लाव," ती म्हणाली होती. "माझ्या हाताखालून गेलेली वस्तू आहे."

ते खरंच होतं. 'स्पंद' नावाच्या त्या कंपनीत शलाका तपासणी विभागात होती. पट्टीचं सॉफ्टवेअर चालतं की नाही हे बघून शेवटची सही करायचं काम तिचं. सही तिचीच होती.

*

ह्या पट्टीची करामत अशी. आपल्या पेशीपेशीत जनुकांची जी लांबलचक साखळी असते, तिच्यावर वय वाढेल तशा बारीक रासायनिक खुणा उमटतात आणि पुसल्या जातात. साखळी जन्मभर तीच राहते, खुणा मात्र बदलत जातात. ह्या खुणा वाचून माणसाचं वय सांगायची युक्ती जुनीच होती, पण त्यात चार-चार वर्षांची चूक व्हायची. नंतर ती चूक घटत घटत महिन्यावर आली. रक्ताचा एक थेंब घ्यायचा, आणि शरीर म्हणतं तुम्ही किती वर्षांचे, ते कळतं. ह्याला लोक देहवय म्हणू लागले.

आता देहवयातून कॅलेंडरचं वय वजा करा. बाकी शून्याजवळ आली तर ठीक चाललंय. बाकी मोठी आली तर शरीर वयापेक्षा भराभर झिजतंय. पट्टीतून झिरपणारं औषध ही हृदयाची झीज रोखायचं, आणि किती झिरपायचं ते ह्या बाकीवर ठरायचं. पंधरा दिवसांनी एकदा पट्टी आपली आपण एक थेंब टिपायची, हिशेब करायची आणि डोस कमी-जास्त करायची. डॉक्टरांना एवढ्या तेवढ्यासाठी त्रास नको, म्हणून सगळं आपोआप.

औषध गुणाचं होतं, पण जास्त झालं की ठोके मंदावायचे आणि रक्तदाब पडायचा. एकदम थांबवलं तर ठोके उधळायचे. म्हणजे सगळी मदार त्या वजाबाकीवर.

एकसष्ट हजार लोकांच्या छातीवर ही पट्टी होती. गाडी सोलापूर रस्त्याला लागली तेव्हा शलाकाच्या डोक्यात तो आकडा फिरत होता, आणि मांडीवरच्या पडद्यावर केरबाची नोंद उघडी होती. गाडी आपली आपण धावत होती, त्यामुळे विचार करण्यातून सुटका नव्हती.

देहवय एकोणपन्नास वर्षं सहा महिने. कॅलेंडरचं वय सत्तेचाळीस वर्षं नऊ महिने. बाकी एकवीस महिने. सॉफ्टवेअरच्या मते केरबाचं शरीर धोकादायक वेगाने म्हातारं होत होतं, म्हणून बाकी उतरेना तसं ते डोस वाढवत गेलं होतं. आज संध्याकाळी पाचला पुढचा थेंब, पुढचा हिशेब. डोस पुन्हा वाढणार होता.

तिची नजर जन्मतारखेवर गेली. १ जून १९९३.

आणि तिला वर्षभरापूर्वीची ती दुपार आठवली.

चाचणीसाठी चाळीस हजार लोकांच्या नोंदी आल्या होत्या. कुठल्याही तारखेला जन्मलेले साधारण शंभर-सव्वाशे लोक असायला हवेत. एक जूनला चार हजार तीनशे बारा होते. आलेखात ती एकच रेघ छतापर्यंत गेलेली. शलाकाने ती देवदत्तला दाखवली. देवदत्त सहस्रबुद्धे तिचा टीमप्रमुख. माणूस सज्जन, पण कायम घाईत.

"कुठल्या तरी फॉर्ममध्ये आधीच भरून येणारी तारीख असणार," तो म्हणाला. "कचरा आहे. काढून टाक."

तिने त्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. उरलेल्यांवर चाचणी घेतली. हॉस्पिटलात जन्मलेली, दाखला असलेली, तास-मिनिटांसकट जन्मवेळ माहीत असलेली माणसं उरली होती. निकाल दृष्ट लागण्यासारखा आला. तिने सही केली. चाचणीतून एक जूनची माणसं बाहेर काढली, पण खऱ्या वापरात ती येतील तेव्हा काय करायचं हे सॉफ्टवेअरला कुणीच सांगितलं नाही. एक जून ही तारीख कॅलेंडरमध्ये आहे ना, मग बरोबर. दार सताड उघडं.

गंमत म्हणजे, गंमत कसली, लाज म्हणजे, एक जूनचा मामला शलाकाला लहानपणापासून ठाऊक होता. तिच्या गावात अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला. दरवर्षी एकतीस मेला जिल्ह्यातले निम्मे मास्तर एकदम निवृत्त व्हायचे आणि हारवाल्यांची चंगळ व्हायची. ह्यावर ती कॉलेजात विनोद करत असे. पण आलेखातल्या त्या रेघेत तिला आपलं गाव दिसलं नाही. तिला फक्त कचरा दिसला होता.

*

तीन वाजता ती लातूरच्या हॉस्पिटलात पोचली. अप्पा बाकड्यावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, जसे ते शाळा तपासायला साहेब आला की बसायचे. त्यांच्या पायाशी केरबाच्या चपला होत्या. पिठाने पांढऱ्या झालेल्या.

डॉक्टर तस्नीम काझी बाहेर आल्या. चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या, पण डोळे चिडलेले.

"ठोके अडतीसवर आलेत. मला हाताने वीस टक्केच डोस कमी करता येतो. तेवढा केला. पुढं मशीन ऐकत नाही. पट्टी ओढून काढली तर हे हृदय ते सहन करायचं नाही. आणि पाच वाजता तुमचं सॉफ्टवेअर डोस वाढवणार आहे. मी तुमच्या मदत केंद्राला चार वेळा फोन केला. ते म्हणतात, रुग्णाने पट्टी उपाशीपोटी लावली होती का ते तपासा."

शलाकाला तोंड वर करून बघवेना. ती अप्पांच्या शेजारी बसली.

"अप्पा, केरबाची जन्मतारीख तुम्ही लिहिलीत?"

"मीच लिहिली. त्या वर्षी पहिलीला एकवीस पोरं घेतली. एकवीसही एक जूनची."

"खरी कधीची?"

अप्पांनी चष्मा काढला. "दाखले कुणाकडं होते पोरी? आम्ही पोराला उभं करायचो. उजवा हात डोक्यावरनं घेऊन डावा कान धर म्हणायचो. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. नाही लागला की, पुढच्या वर्षी ये. सगळीकडं हीच रीत. हा केरबा मूळचाच बुटका. घरात खायचे वांधे. आला पहिल्यांदा, हात लागंना. परत पाठवला. दुसऱ्या वर्षी परत आला, तरी बोटभर कमी. परत पाठवला. ते पोरगं वर्षभर खिडकीखाली बसून बाराखडी ऐकायचं. तिसऱ्या वर्षी लागला तेव्हा त्याला आत घेतला."

"म्हणजे तो सहाचा नव्हताच."

"आठाला आला होता. मला ठाऊक होतं ना. त्र्याण्णवला भूकंप झाला तेव्हा त्याची आई त्याला कडेवर घेऊन माळावर पळाली. चालायला-बोलायला लागलेलं लेकरू, दोन वर्षांचं. बैलपोळ्याचा जन्म त्याचा, भूकंपाच्या आधी दोन वर्षं."

"मग सहा का लिहिलंत?"

अप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कमी लिहिलं की पुढंमागं नोकरीला दोन वर्षं जास्त मिळतात. गरिबाचं पोरगं. वाटलं, हातनं दुसरं काय देणार आपण? दोन वर्षं दिली." त्यांची नजर केरबाच्या चपलांवर गेली. "नोकरी लागलीच नाही त्याला. आणि ती दोन वर्षं आता अशी वसूल व्हायला लागली."

शलाकाने मनात वजाबाकी केली. एक्क्याण्णवचा पोळा. आज त्याचं वय एकोणपन्नास वर्षं सहा महिने. देहवय तितकंच. बाकी शून्य. केरबाचं शरीर काळाबरोबर पाऊल टाकत चाललं होतं, आणि सॉफ्टवेअर त्याला म्हातारा समजून औषध पाजत होतं.

"रकाना रिकामा ठेवता आला नसता का, अप्पा?"

"रिकामा ठेवला की साहेब शेरा मारायचा. पोराचं नाव पटावर चढायचं नाही." त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, मास्तरची जुनी जिज्ञासा होती. "तुझ्या मशीनमध्ये आहे का ग जागा, 'नक्की माहीत नाही' लिहायला?"

नव्हती. त्या रकान्याशेजारी लाल चांदणी होती; भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. ती चांदणी चालते की नाही हे शलाकानेच तीन वेळा तपासलं होतं.

*

"एका म्हाताऱ्या मास्तरांच्या आठवणीवर मी डोस बदलू?" डॉक्टर काझींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आठवणीवर नको. हे बघा." शलाकाने पडदा त्यांच्यापुढे धरला. "ऑक्टोबरपासून पट्टी दर पंधरवड्याला थेंब टिपतेय. हे सगळे आकडे साठलेले आहेत. पहिल्या दिवशीच बाकी एकवीस महिने होती. आजही एकवीसच आहे. पाच महिन्यांत त्याचं शरीर पाच महिन्यांनीच पुढं गेलंय. भराभर म्हातारा होत असता तर ही बाकी वाढत गेली असती. सॉफ्टवेअर मागचे थेंब बघतच नाही. ते फक्त कार्डावरची तारीख बघतं."

काझींनी आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर. "हे कुणाला आधी दिसलं नाही?"

"मला दिसायला हवं होतं."

"मग आता तारीख बदला."

"ती ओळखपत्राशी बांधलेली आहे. कुणालाच बदलता येत नाही." शलाकाने आवाज खाली आणला. "माझ्याकडे तपासणीची किल्ली आहे. खोट्या, कल्पनेतल्या रुग्णांच्या नोंदी बनवायला. जिवंत माणसाच्या नोंदीवर ती वापरायला सक्त मनाई आहे. वापरली तर नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल."

काचेपलीकडे केरबा झोपला होता, ओठ निळसर, आणि मुक्ता त्याच्या तळपायाला आपल्या पदराने ऊब देत होती. शलाकाला वाटलं, आपण घाबरलोय, आणि घाबरायला आपल्याला वेळ नाही. तिने देवदत्तला फोन लावला.

त्याने ऐकून घेतलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "किती जण असतील असे?"

"एकसष्ट हजारांत एक जूनवाले सहा हजार नऊशे. सगळ्यांचंच चुकलं असेल असं नाही. काहींची दोन वर्षं कमी लागली असतील, काहींची जास्त. ज्यांची जास्त लागली त्यांना गरज असून औषध मिळत नसेल."

"मी आत्ता एक ओळ टाकतो. एक जून असेल तर नोंद अवैध, पट्टी हळूहळू बंद. अर्ध्या तासात सगळीकडं जाईल."

उपाय सोपा होता. बाहेरून बघणाऱ्याला शहाणपणाचाही वाटला असता.

"देवदत्त, ह्या माणसाला लहानपणी दोन वर्षं शाळेच्या दारातून परत पाठवलंय. आपण चाचणीत कचरा म्हणून ह्याच्यासारख्यांना काढलं. आता तिसऱ्यांदा काढायचं? त्याचं हृदय खरंच आजारी आहे. औषध त्याला हवंय, मापाचं हवंय."

"मग काय करू मी? सांग ना!"

"पाचचा हिशेब सगळ्यांचाच थांबव. आजचा डोस आहे तिथंच राहू दे, आणि एक जूनवाल्यांची यादी त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांना पाठव. दोन थेंबांतला फरक बघून वेग काढता येतो, जन्मतारीख लागतच नाही. ते मी लिहून देते. आणि केरबाची तारीख मी बदलतेय. किल्ली वापरून. तुला सांगून करतेय."

"शलाका, मी हे ऐकलं तर मला कळवावं लागेल."

"कळव. माझ्याच सहीने गेलंय ते."

फोन ठेवून तिने किल्ली उघडली. कागदोपत्री खरी असलेली तारीख पुसली आणि कागदोपत्री खोटी असलेली खरी तारीख टाकली. ती पोळ्याची तारीख शोधायला तिला जुनं पंचांग उघडावं लागलं. चार वाजून एकतीस मिनिटांनी पडद्यावरची बाकी एकवीसवरून शून्यावर आली, आणि पट्टीने डोस उतरवायला सुरुवात केली. एकदम नाही, पायरीपायरीने.

पाच वाजले. पाच-वीस झाले. ठोके एकेचाळीस. अप्पा काचेला कपाळ टेकून उभे होते. सहाच्या सुमाराला सत्तेचाळीस झाले, आणि डॉक्टर काझी पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. मुक्ताने डोळे पुसले आणि विचारलं, "ताई, तुम्ही सकाळधरनं काही खाल्लंय का?" तेव्हा मात्र शलाकाला रडू आवरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल लिहायला घेतला. हॉस्पिटलच्या उपाहारगृहात बसून, समोर उपम्याची बशी. 'चूक कुणाच्या नजरेतून सुटली' ह्या रकान्यात लोक सहसा टीमचं नाव घालतात. तिने स्वतःचं घातलं. खाली लिहिलं की विचित्र दिसणारी माहिती फेकण्याआधी ती कुणाची आहे हे विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही; घरी फोन केला असता तरी उत्तर मिळालं असतं. देवदत्तचा निरोप येऊन पडला होता. हिशेब रात्रभर सगळीकडे थांबलेला होता, डॉक्टरांना याद्या गेल्या होत्या, किल्लीच्या वापराची चौकशी सोमवारी. शेवटी एक ओळ होती: 'तुझ्याबरोबर मीही बसणार आहे. काढून टाक असं मीच म्हणालो होतो.'

सोमवारचं सोमवारी बघू असं म्हणून तिने उपमा संपवला आणि ती वर गेली.

केरबा उशीला टेकून बसला होता. चेहरा ओढलेला, पण रंग परतलेला.

"शलाकाताई, तुमच्या पट्टीनं दमवलं बघा," तो म्हणाला. "गिरणी चालू राहिली होती का बंद केली कुणी?"

"मुक्तानं केली. केरबा, चूक झाली रे माझी. मोठी चूक झाली."

"असूं द्या. जित्ता हाय ना मी."

तिने नवा फॉर्म आणला होता. रात्रीतून तयार केलेला, अजून कच्चाच, पण चालणारा. नियमाप्रमाणे नोंद पुन्हा भरायची होती. जन्मतारखेच्या रकान्याची लाल चांदणी गेली होती आणि खाली एक चौकट आली होती: 'नक्की माहीत नाही.' शलाकाने ती चौकट दाबली. पान मुकाट्याने पुढे सरकलं.

अप्पा इतका वेळ दारातच उभे होते. आता ते आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"केरबा, मी तुला दोनदा परत पाठवला. आणि घेतला तेव्हा खोटं लिहून घेतला. जिवावर बेतलं तुझ्या."

"काय बी बोलूलालाव गुरुजी तुम्ही."

"नाही, ऐक. माफी मागतोय मी."

माफी मागणारे गुरुजी केरबाने कधी बघितले नव्हते. त्याने मुक्ताकडे बघितलं, शलाकाकडे बघितलं. मग सलाइन डाव्या हाताला आहे ह्याची खात्री करून त्याने उजवा हात सावकाश उचलला, डोक्यावरून पलीकडे नेला, आणि डावा कान घट्ट पकडला.

"लागला गुरुजी," तो म्हणाला. "घ्या आता आत."

अप्पांनी त्याचा हात कानावरून सोडवून आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यावरच्या रेघांत पीठ अजून तसंच होतं. बराच वेळ ते तो सोडायला तयार नव्हते.